सत्तराव्या सेकंदाला

१

मंगळवारी सकाळी कल्याणहून प्रियांकाचा फोन आला आणि माया रणपिसेंच्या हातातला चहा तसाच राहिला.

"मावशी, इतिहासाचा तिसरा धडा मध्येच बंद पडतोय."

"नेट गेलं असेल गं. परत उतरवून घे."

"तीनदा उतरवला. आणि नुसता तिसराच नाही, सातही धडे तसेच. पायलताई बोलता बोलता गप्पच होतात, वाक्यसुद्धा पुरं होत नाही. भूगोलाचं तर विचारूच नका. पहिला आहे, पाचवा आहे, बाकीचे गायब. मावशी, पेपर अकरा दिवसांवर आलाय!"

प्रियांका दहावीला होती आणि तिला जन्मापासून दिसत नव्हतं. ठाण्यापासून बदलापूरपर्यंत अशी त्रेचाळीस मुलं कोपरीच्या श्राव्य वाचनालयावर अवलंबून होती. स्वयंसेवक पुस्तक मोठ्याने वाचून रेकॉर्ड करत, तिथला जुना संगणक त्या रेकॉर्डिंगच्या लहान फाइली करून ठेवी, आणि मुलं त्या मोबाइलवर उतरवून घेत. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये खरखर फार, म्हणून यंदा इतिहास आणि भूगोल नव्याने वाचून घेतलेले. वाचनालय मायाताई सांभाळत. त्यांची दृष्टी सातव्या वर्षी तापात गेली होती. त्यानंतर एका कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर सत्तावीस वर्षं नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. लोक म्हणत, न दिसणाऱ्यांचे कान तिखट असतात. मायाताईंना ते पटत नसे. कान सगळ्यांचे सारखेच. आपण समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकतो एवढंच, असं त्या म्हणत.

पण आज त्यांनी तेही केलं नाही.

वाचनालयात पोचताच त्यांनी सातही धडे लावून पाहिले. पहिला एक मिनिट दहा सेकंदांनी तुटला. दुसरा एक मिनिट बारा. तिसरा एक मिनिट नऊ. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या धड्यांचा मिनिटभराचा तुकडा तेवढा उरलेला. आणि मूळ रेकॉर्डिंग कुठून आणणार? जागा अपुरी, म्हणून लहान फाइल तयार झाली की मूळ फाइल पुसली जाई, हा तिथला नियमच होता.

त्यांना शनिवार आठवला. भूगोल वाचणाऱ्या प्राची मुळ्ये, डोंबिवलीच्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी सगळ्यांच्या ग्रुपवर लिहिलं होतं, "पायलच्या वाचनात ‘पाणी’चं ‘पानी’ होतं आणि ‘शाळे’ची ‘शाला’. मुलांनी पेपरात काय लिहायचं?" इतिहास वाचणाऱ्या, दिवा गावच्या पायल मढवीचं उत्तर दोन मिनिटांत आलं, "माझा आवाज नको असेल तर पुसून टाका सगळं."

मायाताईंनी पायलला फोन लावला. बसून बोलावं इतकाही धीर नव्हता. भिंतीला हात लावून त्या खोलीत येरझारा घालत होत्या.

"पायल, इतिहासाचे धडे तुटलेत. तू... रागाच्या भरात काही केलंस का?"

पलीकडे बादली ठेवल्याचा आवाज.

"तुम्हाला पण असंच वाटतं?" एवढं बोलून पायलने फोन ठेवला. पुन्हा लावला तेव्हा तो बंद होता.

२

"रविवारी कोण आलेलं?" मायाताईंनी गोविंदाभाऊंना विचारलं. वाचनालयाच्या चाव्या त्यांच्याकडे असत. साठीचा, कमी बोलणारा माणूस.

"पायल आलेली. डबा राहिलेला तिचा."

"किती वेळ होती?"

"अर्धा तास असेल."

"तुम्ही समोर होतात?"

गोविंदाभाऊंच्या चपला फरशीवर घासल्या. "मी खाली गेलेलो, पान आणायला. मॅडम, पोरगी तशी नाय हो."

"तशी आहे असं मी म्हणत नाहीये," मायाताई म्हणाल्या. पण सकाळी फोनवर आपण नेमकं तेच म्हटलं, हे त्यांना आतून टोचत होतं. "आणि सोमवारी?"

"सोमवारी प्राचीबाई. त्यांचा भूगोल कसा झालाय ते ऐकायचं होतं म्हणे. मी चावी दिली, त्या एकट्याच बसलेल्या."

"फाइली लहान करायचं काम कधी केलंत?"

"भूगोल शुक्रवारी, इतिहास शनिवारी सांजच्याला. मी काय करतो, ऋतुराजसाहेबांनी मशीन बसवताना सांगितलंय तेवढं. यादीत नावं आहेत का बघायची आणि बटण दाबायचं. मग काळ्या पडद्यावर अक्षरं पळतात. ती थांबली की झालं."

"शनिवारी ती नेहमीसारखीच पळाली?"

"लवकर थांबली. आधी चहा पिऊन यायचो तरी चालू असायची. शनिवारी कप उचलायच्या आत थांबलेली. मला वाटलं, साहेबांनी मशीन फास्ट केलं."

मायाताई चालता चालता थांबल्या. जे काम चहा पिऊन येईपर्यंत चालायचं ते कप उचलायच्या आत उरकलं, आणि ते शनिवारी. पायल आली होती रविवारी.

म्हणजे धडे ती येण्याआधीच तुटलेले होते की काय?

३

प्राचीबाई दुपारी डोंबिवलीहून आल्या त्याच चिडून. खुर्ची त्यांनी जोरात ओढली.

"मायाताई, माझे नऊ धडे होते. त्यातले सात नाहीत. घसा बसेपर्यंत वाचलेत मी. आणि तुम्ही मलाच बोलावून विचारताय, सोमवारी काय करत होतात म्हणून?"

"सगळ्यांनाच विचारतेय. काय करत होतात?"

"ऐकत होते. पहिला धडा, प्रस्तावना, चार मिनिटांची. ती नीट होती. दुसरा शोधला, सापडला नाही. वाटलं, अजून चढवायचा असेल." मग आवाज खाली आला. "मी त्या मुलीबद्दल लिहिलं ते ग्रुपवर लिहायला नको होतं. पण उच्चारांचं माझं म्हणणं खोटं नाही. आणि कुणाचं वाचन कापून टाकण्याइतकी मी खालच्या थराला जाणार नाही."

मायाताईंचं बोट टेबलाच्या कडेवर वाजत होतं. "एक सांगा. तुम्हाला एखाद्याचं वाचन नकोसं झालं, तर तुम्ही काय कराल?"

"काय करणार? फाइल काढून टाकेन."

"अख्खी ना? मग सातही धड्यांचं पहिलं मिनिट कुणी आणि कशाला ठेवलं? आणि कापलंय तेही शब्दाच्या मध्येच. एक धडा ‘सत्या’वर तुटलाय. सत्याग्रह पुरा नाही केला."

"रागावलेला माणूस शब्द बघत नाही."

"रागावलेला माणूस सात वेळा सत्तर सेकंद मोजतही नाही."

प्राचीबाई हळूच म्हणाल्या, "पण मग तिचे तुकडे उरतात आणि माझे अख्खे धडे जातात, हे कसं? दोन वेगळी माणसं आहेत का यात?"

तेवढ्यात मायाताईंचा फोन वाजला. ऋतुराज खामकर बोलत होता.

४

हे सगळं यंत्रकाम ऋतुराजने बसवून दिलं होतं. तो घोडबंदर रोडला राहायचा, नोकरी सॉफ्टवेअरची, आणि वाचनालयाचं काम सुट्टीच्या दिवशी फुकट करायचा. मागे हॉर्नचा नुसता कालवा चालला होता.

"ताई, मी मानपाड्याला अडकलोय, तासभर हलत नाहीये इथे. झालंय काय?"

मायाताईंनी सांगितलं.

"स्क्रिप्टचा प्रॉब्लेम नसेल. साधी लूप आहे ती, तेच काम फिरून फिरून. यादीतून एक नाव उचलायचं, एका टूलकडून त्या रेकॉर्डिंगची लहान फाइल करून घ्यायची, नीट झाली असं टूलने सांगितलं की मूळ फाइल पुसायची, मग पुढचं नाव. बस."

"हे वर्षभर असंच चाललंय?"

"नाही, यादी आत्ताची. आधी फोल्डरमध्ये असेल ते सगळं उचललं जायचं. मग प्राचीबाई म्हणाल्या, अर्धवट रेकॉर्डिंगंपण जातायत त्यात. म्हणून दोन आठवड्यांपूर्वी मी बदललं. वाचणाऱ्याने यादीत नाव लिहायचं, तेवढ्याच फाइली घ्यायच्या. एक फाइल घालून चालवून पाहिलेलं मी. मस्त चाललेलं."

"एकच फाइल?"

"हो. का?"

मायाताईंच्या तेव्हा त्यातून काही हाती लागलं नाही. "नवीन रेकॉर्डिंगचा फोल्डर मला उघडता येईल का? आणि तो काळ्या पडद्यावरचा मजकूर कुठे साठतो?"

ऋतुराजने पासवर्ड सांगितला. संगणकातला बोलका आवाज मायाताईंच्या ओळखीचा. पडद्यावरचं अक्षर न् अक्षर तो इंग्रजीत वाचून दाखवी. त्यांनी फोल्डर उघडला. तिथे काहीच नसणार, असं सगळेच धरून चालले होते.

आवाज एकेक नाव सांगू लागला. जीईओ शून्य दोन. जीईओ शून्य तीन. शून्य चार. मग सहा, सात, आठ, नऊ.

"हे माझे!" प्राचीबाई खुर्चीतून उठल्याच. "भूगोलाचे सात! आहेत की सगळे!"

आवाज पुढे चालू होता. आयटीआय शून्य एक क्यू. आयटीआय शून्य दोन क्यू. असे सात क्यू. आयटीआय म्हणजे इतिहास. पायल प्रत्येक धड्यानंतर त्यावरच्या प्रश्नांची वेगळी फाइल करायची, आपल्या मनाने, कुणी सांगितलं नसताना. क्वेश्चनचा क्यू. तेही सगळे जागेवर होते.

इतिहासाचा धडा मात्र एकही नव्हता. यादी तिथेच संपली.

"म्हणजे," प्राचीबाई सावकाश म्हणाल्या, "माझं सगळं शाबूत, आणि कायमचं गेलं ते फक्त तिच्या आवाजातलं. ऐकणाऱ्याला काय वाटेल, मायाताई? आणि यादी करा म्हणणारीही मीच." पर्स उचलल्याचा आवाज झाला. "माझ्यावर आलं ना हे?"

"थांबा, प्राचीताई."

पण जिन्यावर पावलं वाजू लागली होती.

५

बुधवारी सकाळी मायाताई सातलाच येऊन बसल्या. रात्र कूस बदलत काढलेली. एक निर्दोष मुलगी आपण दुखावली असावी, आणि आता दुसरी बाईही जिना उतरून गेलेली. इतिहासाचा पेपर दहा दिवसांवर.

त्यांनी काळ्या पडद्याचा साठवलेला मजकूर लावला. डोळस माणसं हा मजकूर कधी वाचत नाहीत, नुसती पळताना बघतात. मायाताईंनाही एरवी कंटाळा येई. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला तेच ते पाल्हाळ, मग त्या बटण दाबून पुढे जात. आज त्यांनी ठरवलं, एक ओळ सोडायची नाही.

आधी शुक्रवारचा भूगोल. जीईओ शून्य एक, चार मिनिटं, पूर्ण झाली. त्यानंतर आवाज म्हणाला, "ओ शून्य चार. अशी फाइल नाही."

मायाताईंनी पुन्हा ऐकलं. जीईओ नव्हे, नुसता ओ. नावाचं डोकं कुणीतरी खाल्लेलं. दोन आणि तीनचा तर उल्लेखच नाही. मग जीईओ शून्य पाच, पूर्ण झाली. आणि तिथेच सगळं संपलं. सहा ते नऊ कुणी मागितलेच नव्हते.

यादी त्यांनी स्वतः तपासली. त्यात नऊही नावं नीट, एकही अक्षर कमी नाही.

मग शनिवारचा इतिहास. आयटीआय शून्य एक, पूर्ण झाली. एक मिनिट दहा सेकंद. त्याखाली आवाज म्हणाला, "डॉट डब्ल्यूएव्ही. अशी फाइल नाही."

डॉट डब्ल्यूएव्ही हे रेकॉर्डिंगच्या नावाचं शेपूट. पुढे नावच नाही. नाव नसलेली फाइल कुणी मागितली? दुसऱ्या धड्यानंतर तेच. तिसऱ्यानंतरही तेच. सात वेळा.

नावं खाल्ली जात होती. भूगोलात दोन अख्खी आणि तिसऱ्याची दोन अक्षरं. इतिहासात मात्र प्रत्येक वेळी एकाच जागेपर्यंत. आयटीआय शून्य एक क्यू, आणि क्यूपाशी खाणं थांबलेलं. क्यूपाशीच का?

त्यांनी मजकूर पार वरपासून लावला आणि ते पाल्हाळही मन लावून ऐकलं. आवृत्ती अमुक, रचना तमुक, आत येणारी फाइल, बाहेर जाणारी फाइल. आणि मग ती ओळ, जी प्रत्येक फाइलला येते आणि जिच्यावरून त्या रोज पुढे जात:

"प्रेस क्यू टु स्टॉप."

थांबवायचं असेल तर क्यू दाबा.

मायाताई ताडकन उठल्या. गुडघा टेबलाला लागला, त्याचंही भान नव्हतं. "गोविंदाभाऊ!" त्यांनी हाक मारली. "सगळ्यांना बोलवा. प्राचीबाई नाही म्हणाल्या तर सांगा, चोर सापडलाय."

६

दुपारपर्यंत ऋतुराज आणि प्राचीबाई, दोघंही आले. प्राचीबाई दाराजवळच बसल्या. मायाताईंना बसवत नव्हतं. टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्या फिरत होत्या.

"ऋतुराज, हे तुझं टूल काम करताना कीबोर्डाकडे लक्ष ठेवतं का?"

"हो. मध्येच थांबवता यावं म्हणून. क्यू दाबला की थांबतं."

"थांबल्यावर काय सांगतं? काम बिघडलं म्हणतं?"

"नाही, तुम्हीच थांबवलंय ना. जेवढं झालं तेवढी फाइल बंद करतं आणि सांगतं, झालं नीट."

"करून बघू."

भूगोलाच्या दुसऱ्या धड्याची एक प्रत काढली. मायाताईंनी ती लहान करायला लावली, एक श्वास घेतला आणि क्यू दाबला. संगणक म्हणाला, पूर्ण झालं. फाइल लावली. प्राचीबाईंचा आवाज दीडेक मिनिट नद्यांविषयी बोलला आणि शब्दाच्या मध्यातच तुटला.

"अरे देवा," प्राचीबाई म्हणाल्या.

"पण शनिवारी क्यू कुणी दाबला?" ऋतुराजने विचारलं. "गोविंदाभाऊ?"

"मी हातपण नाय लावला," गोविंदाभाऊ घाईघाईने म्हणाले.

"कुणीच दाबला नाही," मायाताई म्हणाल्या. "ऋतुराज, यादीतली नावं लूपला कुठून मिळतात? कीबोर्डाच्या जागी तू यादी जोडलीस, बरोबर? लूप तिथून एक ओळ वाचते आणि टूलला कामाला लावते. पण टूलचाही कान त्याच जागी. त्याला कुठे माहीत, तिथे आता कीबोर्ड नसून यादी आहे म्हणून? ते काम करता करता यादीतली अक्षरं एकेक करून वाचत सुटतं, जणू कुणी बटणंच दाबतंय. यादी एक आणि वाचणारे दोन. एकाने खाल्लेलं दुसऱ्याला मिळत नाही."

ऋतुराजची खुर्ची संगणकाकडे सरकल्याचं त्यांना ऐकू आलं.

"आता भूगोल घ्या. प्रस्तावना चार मिनिटांची, ती लहान करायला दोन-अडीच सेकंद लागली. तेवढ्यात टूलने दोन नावं आणि तिसऱ्याची दोन अक्षरं गिळली. उरलं ‘ओ शून्य चार’. लूपने ते मागितलं, मिळालं नाही. मग पाचवं नाव नीट आलं. पण तो धडा मोठा. तो होईस्तोवर बाकीची चारही नावं पोटात गेली आणि यादी संपली. म्हणून पहिला आणि पाचवा, एवढेच. उरलेल्यांना कुणी हातच लावला नाही, म्हणून ते जिवंत राहिले. प्राचीताई, तुम्हाला कुणी वाचवलेलं नाही."

"आणि पायल?"

"पायलच्या यादीत धडा, मग प्रश्न, धडा, मग प्रश्न. धडा लहान होऊ लागला की टूल पुढच्या नावातली अक्षरं खातं. आय, टी, आय, रेघ, शून्य, एक, रेघ आणि आठवं अक्षर क्यू. त्याला वाटतं, थांब म्हणाले. ते थांबतं आणि नीट झालं असं सांगतं. मग लूप मूळ फाइल पुसते, अर्ध्या तासाची. सातही वेळा क्यू आठव्याच जागी, म्हणून सातही धडे सत्तर सेकंदांच्या आसपास. उरलेलं शेपूट म्हणजे ती नाव नसलेली फाइल."

ऋतुराज म्हणाला, आवाज पार उतरलेला, "एकच फाइल घालून पाहिली मी. एका फाइलला पुढचं नावच नसतं. खायला काही नव्हतंच त्याला." त्याने कपाळावर हात मारून घेतला. "टूलला कान बंद ठेव सांगायला एक शब्द पुरतो, ताई. एक शब्द. आणि पुसायच्या आधी लांबी ताडून बघायला हवी होती."

"ते आज कर. आणि या वेळी नऊ फाइली घालून बघ."

"म्हणजे तिने प्रश्न वेगळे काढले नसते," प्राचीबाई म्हणाल्या, "तर तिचेही सगळे धडे राहिले असते."

"हो. जास्तीचं काम केलं तेच तिला नडलं," मायाताई म्हणाल्या. "आणि वर मी तिला विचारलं, रागात काही केलंस का म्हणून."

७

ऋतुराजने त्यांना गाडीने दिव्याला नेलं, कळवा-मुंब्र्यामार्गे. वाटेत मायाताईंनी बोलायची वाक्यं जुळवली आणि मोडली. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. पुढे जागाच नव्हती.

पाणी आलेलं होतं. दारोदारी पाइप, हंडे, आरडाओरड. कुणीतरी वयस्कर बाई म्हणाली, "गो पायल, कोन आयलंय बग."

"मावशी, आत्ता नको," पायलचा आवाज धापा टाकत आला. "चाळीस मिनटं येतं पानी. परवापासून आलं नव्हतं."

"पाइप दे माझ्याकडे. तू हंडे ने."

पायलला नाही म्हणायला वेळ नव्हता. पाइप मायाताईंच्या हातात आला. पिंप भरत होतं. पाण्याचा आवाज हळूहळू बारीक होत वर चढत होता. तो काठाशी आल्याचं ऐकून त्यांनी पाइप दुसऱ्या पिंपात टाकला आणि त्याच आवाजावर आवाज चढवून सांगितलं. लूप, यादी, क्यू, सगळं. जुळवलेलं एकही वाक्य उपयोगी पडलं नाही.

पायल हंडा घेऊन आत जाई, बाहेर येई, पुढचं ऐके. शेवटी ती थांबली.

"म्हणजे कुणीच केलं नाही."

"कुणीच नाही."

"मग तुम्हाला कोण म्हणालेलं, मी केलं असेल म्हणून? प्राचीबाई?"

"नाही. माझं मीच धरलं."

"तुम्हाला खरंच तसं वाटलेलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. "हो," मायाताई म्हणाल्या. "फोन लावला तेव्हा वाटलं. चूक झाली माझी, पायल. आधी ऐकून घ्यायला हवं होतं, मग विचारायला."

नळाला खळखळ झाली. पाणी जायच्या बेतात होतं. पायलने पाइप त्यांच्या हातातून घेतला.

"सात धडे म्हणजे साडेतीन तासांचं नुसतं वाचन. मी सकाळी नऊला लॅबच्या काउंटरला असते, सुटते चारला." मग ती म्हणाली, "आणि एक. उच्चार चुकतात माझे, मला माहितेय. घरी असंच बोलतो आम्ही. चुकलं तर सांगा, पण समोर बसून सांगा. ग्रुपवर नाही. प्राचीबाई येऊन बसणार असतील तर वाचते."

८

गुरुवारी प्राचीबाई चारलाच येऊन बसल्या. पाच वाजले, सव्वापाच झाले. मायाताई खिडकीपाशी जात, परत येत. साडेपाचला जिन्यावर पावलं वाजली, दोन माणसांची.

"आई आलीय," पायल म्हणाली. "ऐकत नव्हती."

"हितंच बोलतं व्हय माझी पोर?" पायलच्या आईने, हौसाबाईंनी, विचारलं. प्राचीबाईंनी उठून त्यांना आपली खुर्ची दिली आणि स्वतः स्टुलावर बसल्या.

"पायल," त्या म्हणाल्या, "मी ग्रुपवर लिहायला नको होतं."

"हो, नको होतं," पायल म्हणाली. मग पुस्तकाची पानं वाजली. "पहिला धडा."

पायल वाचू लागली. चौथ्याच वाक्याला प्राचीबाईंनी बोटाने स्टूल वाजवलं. पायल थांबली, ‘पाणी’ म्हणाली, पुढे गेली. पाचेक मिनिटांनी पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळीही. मग बराच वेळ स्टूल वाजलं नाही. पायलचा आवाज मोकळा होत चालला होता. गावच्या शाळेचा प्रसंग ती असा वाचत होती की हौसाबाईंनी मध्येच "अगो बाय" म्हटलं.

पायल अचानक थांबली.

"बाई, आत्ता ‘शाला’ म्हटलं मी. ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"मग थांबवलं का नाहीत?"

"इतकं सुंदर चाललं होतं. मोडवेना मला."

"मोडा, बाई," पायल म्हणाली. "पोरांचा पेपर आहे."

आणि तिने ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.